छावणीतली पाळी
शहरात क्रांती चौकातल्या रसवंतीतून चिरडलेल्या उसाचा वास आला, की मला दुष्काळातली पैठणजवळची चारा छावणी आठवते; तिथं जनावरांना चारा म्हणून ऊसच घालत. आमच्या बैलांसोबत वडील, आमचे दादा, महिनाभर तिथंच राहत होते. शहरात नोकरी लागल्याचं सांगायला मी गेलो, तर माझी पिशवी पाहून ते घोंगडी झटकत उठले. “आलास व्हय पाळीला? लई बरं झालं. आज घरी जाऊन निजतो.” मी म्हणालो, “दादा, मी शहरात चाललो, नोकरीला.” त्यांनी माझ्या नव्या बुटांकडं पाहिलं. “मग शेणात कशाला आलास? जा, यष्टी चुकंल,” म्हणत त्यांनी घोंगडी पुन्हा बैलांशेजारी अंथरली. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मला फार मोकळं वाटलं. आज गारखेड्यातल्या घरात एकटा असताना त्या मोकळं वाटण्याचीच लाज वाटते.