रेखाच्या कमरेची निरगाठ

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचते. नवऱ्याला म्हणायचे, "बघा, आज कोणाच्या जिन्यावर पैंजण वाजले ते!" अमरावतीच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. भूत पाहिलं म्हणणाऱ्या पोराला मी आधी विचारते, "सकाळी जेवला होतास का?" आजही माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण एकदा जे घडलं त्यापुढे माझी अक्कल चालत नाही, म्हणून लिहितेय. हसायचं तर हसा... मी काय कमी हसलेय?

माझं माहेर अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका खेड्यात. घर माझ्या धाकट्या भावाने, दिलीपने बांधलं. स्वयंपाकघरावर तेवढा स्लॅब टाकला, बाकीच्यावर "पुढच्या साली टाकू" म्हणत टिनं राहिली. पुढचं साल तसं आमच्याकडे कधीच येत नाही. भादव्यात कपाशीवर फवारा मारताना औषध त्याच्या अंगात भिनलं. आधी डोळे चुरचुरले, मग दिसेनासं झालं, मग श्वास. अकोल्याला नेलं... तिथून त्याला आम्ही चादरीत गुंडाळून आणलं.

त्याची बायको रेखा. मूलबाळ नव्हतं. तो फवारलेला कापूस तिने एकटीने वेचला, पुढच्या खोलीत छातीइतका रचला आणि विकलाच नाही. व्यापारी दारातून परत जायचे. तिचे वडील अचलपूरहून दोनदा न्यायला आले, तेही तसेच परतले. "ज्या कापसापायी ते गेले, तो मी कोनाले देऊ?" एवढंच म्हणायची. रडली मात्र नाही. तेराव्यालाही नाही. गावातल्या बाया कुजबुजायच्या, आणि मला त्यांचं तोंड बंद करावंसं वाटायचं, पण आतून मलाही तिची भीती वाटत होती. माणूस इतकं कोरडं राहिलं की ते स्वतःचं काहीतरी करून घेईल असं वाटतं.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत गेले. तिला आणि मायला, दोघींनाही अमरावतीला आणायचं असं ठरवूनच गेले.

त्या दिवशी सकाळपासून पान हलत नव्हतं. टीव्हीवर वादळाचा इशारा चालू होता. समुद्रकाठच्या लोकांना वादळ पाण्यावरून येताना दिसतं म्हणे. आमच्याकडे भरदुपारी सातपुडा दिसेनासा झाला की समजायचं, वावधन येतंय. मी शिडीवर चढले, रेखा खालून दगड देत होती, मी टिनांवर ठेवत होते. तुऱ्हाट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा ढीग बांधला. कोंबड्या डालल्या. मेन स्विच पाडला. कापसावर ताडपत्री टाकून रेखाने तिच्या चारी कडा इतक्या प्रेमाने खोचल्या की मला बघवेना. मायने अंगणात विळा नेऊन टाकला. लोखंड पाहिलं की वादळ वळतं, असं ती मानते. मी डोळे फिरवले.

"तुह्या शाळेत नसन शिकवत हे," माय म्हणाली.

आता आमच्या भागातली एक वेडी रीत सांगते. टिनाखालच्या लाकडी बल्लीला आतून दोर बांधायचा आणि वारा सुटला की घरातल्या माणसांनी त्याला लोंबकळायचं, म्हणजे वजनाने छप्पर जागेवर राहतं. टिनासकट उडालेली माणसं आम्हाला ऐकून ठाऊक आहेत, तरी रीत काही जात नाही. दिलीपही लोंबकळायचा. मी दोघींना बजावलं, "टिनं गेली तर गेली. तिघी स्लॅबखाली बसू."

माय बसली. मी तिच्या पाठीवर गोधडी टाकली, वळून पाहते तर रेखा नाही.

तेवढ्यात वारा आला. आला म्हणजे घराला धडकला. पुढच्या खोलीत धावले. रेखा दिलीपच्या दोराला धरून उभी. नुसती धरून नव्हे – दोराचं टोक तिने कमरेला गुंडाळून बांधलं होतं.

"काय केलं हे? सोड!"

"मी हलकी हाय ताई, हातातून सुटन दोर. त्याइचा कापूस भिजन!"

मी गाठीला हात घातला. निरगाठ होती, तीही दुहेरी. आमच्या घरात जनावरालाही निरगाठ मारत नाहीत. दिलीप गोठ्यात सगळ्यांना शिकवायचा – सुरगाठ मारा, एका हिसक्यात सुटली पाहिजे, आगपाणी सांगून येत नाही. आणि ही त्याचीच बायको! वर टिन उचललं जात होतं, दोर ताणला जात होता, गाठ दगडासारखी आवळत होती. माझी नखं तुटली. दातांनी ओढलं. तोंडात ज्यूटची चव आणि रक्त.

"विळा दे माय!" मी ओरडले. विळा अंगणात होता. वादळ वळवायला.

मग वर कडाड आवाज झाला आणि रेखाचे पाय जमिनीवरून उचलले गेले. मी दोन्ही हातांनी तिच्या मांड्यांना मिठी मारली आणि लटकले. माझ्याही टाचा सुटल्या. त्या क्षणी मी देवाला हाक मारली नाही, दिलीपला मारली. "दिल्या!" म्हणून. का, ते विचारू नका. लहानपणापासून घरात काही अडलं की तीच हाक मारायची सवय.

आणि आम्ही दोघी खाली पडलो. डोक्यावर एकदम आभाळ. टिनं, बल्ल्या, दोर, सगळं सपकन गेलं. पावसाचे थेंब गारांसारखे लागत होते.

छप्पर दुसऱ्या दिवशी शेजारच्या संत्र्याच्या बागेत सापडलं. दोर बल्लीला तसाच होता. मी त्याचं टोक हातात घेऊन कितीदा पाहिलं असेल. तुटलेलं नाही, झिजलेलं नाही, तिच्या अंगावरून सरकून गेलं म्हणावं तर फासच शिल्लक नाही. दोर सरळ होता. ती दुहेरी निरगाठ कोणीतरी सोडली होती.

कोणी? माझे दोन्ही हात तिच्या मांड्यांभोवती होते. तिचे दोन्ही हात डोक्यावर, दोराला. माय स्वयंपाकघरात. ताणात असलेली गाठ आपोआप सुटत नाही, उलट आवळते. हे मी सातवीच्या पोरांनाही समजावू शकेन.

माय शांतपणे म्हणाली, "त्यानंच सोडली. त्याले पायवलं नसन."

मी तिला गप्प केलं. पण रेखाने ऐकलं. ती भिजलेल्या कापसावर बसली होती, ताडपत्री तर केव्हाच गेली होती. पिळवटून आलेला असा आवाज तिच्या पोटातून निघाला... भादव्यापासूनचं सगळं रडू त्या दिवशी बाहेर आलं. "घर नाई वाचवलं वो त्याइनं! कापूस नाई वाचवला!" एवढंच म्हणत होती. मी तिला धरून बसले. मीही रडले, मोठ्याने, लाज न धरता.

आठवड्याने मायला घेऊन ती माझ्यासोबत आली. आता अमरावतीतच असते, शिवणकाम करते, मायचं करते. बरी आहे. हसतेसुद्धा.

पण दरवर्षी हवा कोंडली की ती मशीन थांबवते आणि विचारते, "ताई, खरं सांगा. गाठ तुमीच सोडली ना?"

मला उत्तर माहीत नाही. मी विज्ञान शिकवते, माहीत नसलेलं सांगता येत नाही. पण खरी अडचण ती नाहीच. मी 'हो' म्हटलं, तर तो आलाच नव्हता. 'नाही' म्हटलं, तर तो आला होता, तिच्या कमरेला हात लावण्याइतका जवळ आला होता, आणि तिच्याशी एक शब्द न बोलता गेला.

यातलं काय ऐकायला ती दरवर्षी मशीन थांबवते, ते मला अजून कळलेलं नाही. मी म्हणते, "आठवत नाही गं." ती मान हलवते आणि पुन्हा शिवायला लागते.