साडूच्या भिंतीवरचे फाटे

अकोल्याच्या डोंगरापासून आमच्या पाथर्डीच्या माळापर्यंत, अख्ख्या नगर जिल्ह्यात बोललेला शब्द परत गिळता येत नाही असं एकच घर आहे, आणि ते माझ्या साडूचं. माझी बायको धाकटी, तिची थोरली बहीण अक्का, आणि हा अक्काचा नवरा. दोन्ही घरं एका गावात, मधे फक्त एक बोळ. साडू शिलाईवाला, ओसरीत मशीन घालून बसतो. पण सातवी पास असल्यामुळं गावाची पत्रंही त्यालाच लिहावी लागतात. मी चौथीतून पळालेला गुळव्या. काहिलीतला पाक कधी उतरवायचा ते मला वासावर कळतं. बाकी फारसं कळत नाही, आणि जे कळतं ते मी तोंडावर बोलतो, म्हणून माझ्याकडं येऊन बसणारी माणसं कमी. साडू मात्र येऊन बसतो. तो माझं बोलणंसुद्धा लिहून घेतो, एवढीच काय ती भीती.

तर त्याचा नियम असा, की खोडायचं नाही. कापड जसं आधी कच्चं टाचून घेतो तसाच कागद. तुम्ही सांगाल ते तो एका चिठोऱ्यावर लिहिणार, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात टिपणार की कुणी सांगितलं, कुठल्या वारी, आणि पुढं ते बदललं तर का बदललं. तुम्ही शब्द फिरवलात की नवा चिठोरा. जुना फाडायचा नाही. मशीनमागच्या भिंतीवर खिळे मारून त्यानं पांढरे दोरे ताणलेत. त्यावर टाचणीनं हे सगळे कच्चे कागद ओळीनं टोचलेले. माणसाचं मन दोन्हीकडं ओढत असलं, तर त्याच कागदापासून रंगीत दोरा निघतो आणि दुसरीकडं चालू लागतो. त्याला साडू फाटा म्हणतो. शेवटी चष्म्यावरून बघत विचारतो, "पक्कं करू का?" हो म्हटलं की शाईनं लिहून कागद टपालपेटीत पडतो, आणि त्याची सगळी वंशावळ भिंतीवर राहते. भिंत वाचायची रीतही ठरलेली: शेवटच्या कागदावर बोट ठेवायचं आणि दोऱ्यादोऱ्यानं मागं जायचं.

गावात एसटी थांबावी म्हणून अर्ज करायचा होता, तेव्हा वरच्या आळीनं सांगितलं मारुतीसमोर, खालच्या आळीनं सांगितलं वडाखाली. एक लाल फाटा, एक निळा. महिनाभर दोन्ही आळ्या येऊन आपापला दोरा वाढवत होत्या. लाल दोरा चुलीपर्यंत पोचला. शेवटी साडूनं दोन्ही फाटे एका खिळ्याला आणून बांधले आणि पक्कं केलं: "गाडी दोन्ही ठिकाणांच्या बरोबर मधोमध थांबावी." बरोबर मधोमध आमचा उकिरडा आहे. तेव्हापासून गाव उकिरड्यावर उभं राहून एसटीची वाट बघतंय. कुणी साडूला शिव्या द्यायला आला की हा शांतपणे म्हणतो, "बोट ठेवा आन मागं चला. तिसऱ्या कागदाला तुमीच मान हलिवली हाय."

घरातही तेच. अक्का रागानं म्हणाली, "मी चालले माहेरी," की हा ते लिहून टोचतो. ती उंबऱ्यावरून परत फिरली की दुसरा कागद. एकदा मी मोजलं, तेवीस फाटे निघाले. मी म्हटलं, "अक्का, एवढ्या वेळा निघालीस?" तर साडूच बोलला, "सगळं कच्चंच हाय, पाव्हणं. एक बी पक्कं केलं न्हाई तिनं." अक्कानं उलथनं उचललं, तेही त्यानं टिपलं. दर दिवाळीला ती तीन भिंतींना चुना देते आणि चौथीकडं बघून बोटं मोडते. एकदा तिची शेळी आत शिरली आणि सरपंचाच्या अर्जाचे तीन कागद खाऊन गेली. साडूनं त्या जागी नवा चिठोरा लावला: "येथील मजकूर शेळीने खाल्ला. शेळी अक्काची. वार शुक्रवार. कारण विचारता आले नाही."

माझ्या मापांचीही त्याच्याकडं अशीच माळ आहे. बंडी शिवायला गेलो की चारचौघांत वाचतो, "लग्नात छाती छत्तीस, पोट अठ्ठावीस. आता पोटानं छातीला गाठलंय." बायको पदर तोंडाला लावून हसायची. म्हणायची, "दाजी, ते पक्कं करा."

ती दुष्काळात गेली. सगळं गाव खडी फोडायला जात होतं आणि मी राहुरीकडं गुऱ्हाळावर होतो. कॅनॉलच्या पट्ट्यातसुद्धा ऊस वाळलेला, दोनच गुऱ्हाळं चालू, हातातलं काम सोडवत नव्हतं. तिचं पत्र आलं, साडूच्या अक्षरात: "इकडे सर्व खुशाल. हंगाम उरकूनच यावे." मी निवांत पाक ढवळत बसलो. चौथ्या दिवशी निरोप आला.

दहावा झाल्यावर मी बोळ ओलांडून साडूच्या ओसरीत गेलो आणि ओरडलो. "तापानं फणफणलेलं माणूस खुशाल लिव्हतं व्हय? अक्षर तुमचं आन डोकं बी तुमचंच! तिनं मला बोलावलं हुतं का न्हाई, एवढंच सांगा." मला तेवढंच पाहिजे होतं. त्यावाचून घास उतरत नव्हता.

साडूनं मशीन बाजूला सरकवलं आणि म्हणाला, "बोट ठेवा."

मी ठेवलं. शेवटचा कागद खुशालीचाच होता. त्यामागचा: "थोडी कणकण आहे." कोपऱ्यात, "कणकण काढली. म्हणाली, ह्यांना लगेच वळखू येतं." त्यामागचा: "शेळी व्याली. दोन करडं. एकाचं तोंड थेट तुमच्यासारखं." कोपऱ्यात, "करडू काढलं. म्हणाली, पत्र मोठ्यानं वाचत्यात, गुऱ्हाळावरची हसतील." मला तिथंच हसू आलं, दहाव्याच्या दिवशी, आणि मग थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. साडूनं माझं मनगट धरून बोट आणखी मागं नेलं. पहिला कागद: "अंगात ताप आहे. तुम्ही या." कोपऱ्यात, "सगळंच बदललं. म्हणाली, अर्धा हंगाम टाकून येतील आन वरीसभर माझ्यावर डाफरतील."

डाफरलोच असतो. खोटं कशाला सांगू?

त्या पहिल्या कागदापासून एक हिरवा दोरा निघाला होता. त्यावर एकच कागद: "तुम्ही या." साडू भिंतीकडं तोंड करून बोलला, "म्या म्हणलं तिला, दोन्ही ऱ्हाऊ दे. मंगळवारपत्तुर ताप उतरला न्हाई तर हिरवं टाकू पेटीत. ती म्हणली, बरं. आन सोमवारीच…" अक्कानं चहा आणून ठेवला आणि कुणालाच काही न बोलता आत गेली. तिचं तसं जाणं भिंतीवर नाही. साडूनं ते टिपलं नाही.

आता दर बाजारच्या दिवशी मी त्याच्या ओसरीत बसतो. पहिल्यांदा बसलो तेव्हा म्हणालो, "लिव्हा. पत्र लिहिण्यास कारण की, करडू मोठं झालं. तोंड माझ्यासारखं न्हाई, दाजींसारखं हाय. जरा बी विचारलं की चष्म्यावरून बघितल्यागत बघतंय." साडूनं लिहिलं, कोपऱ्यात वार टाकला, आणि सवयीनं विचारलं, "पक्कं करू का?" विचारलं आणि जीभ चावली.

मी म्हणालो, "नको. कच्चंच ऱ्हाऊ द्या. अजून लई सांगायचंय."

त्यानं तो कागद हिरव्या दोऱ्यावर टोचला. आज दोरा खिडकीच्या चौकटीपर्यंत आलाय. परवा अक्का बाजारातून आली, पिशवीतून हिरव्या दोऱ्याचं नवं रीळ काढलं आणि मशीनवर ठेवलं. माझ्याकडं न बघता साडूला म्हणाली, "खिडकीच्या पल्याड बी भिंत हाय म्हणावं त्यांना."