कुंडलिकभाऊंच्या बातमीतली दुरुस्ती

बोरिवलीच्या आमच्या निराधार साहाय्य कार्यालयात दुपारी खिडकी बंद झाली की कुंडलिकभाऊ बाहेर जाऊन बाकडं बघून यायचे. बाकड्यावर कुणी नसायचं. तरी टोकाच्या जागेशी ते जरा थांबायचे, मग आत येऊन डबा उघडायचे.

मी इथे कंत्राटी संगणक ऑपरेटर. कर्मचाऱ्यांची मासिक पत्रिकाही माझ्याच गळ्यात पडली आहे: वाढदिवस, बदल्या, निवृत्ती. भाऊ जूनअखेर निवृत्त होणार, म्हणून मी चार ओळी मागायला गेले.

"राहणार भांडुप, मूळ गाव परभणीकडे, चौतीस वर्षं नोकरी. झालं?"

"हे सर्व्हिस बुकात आहेच, भाऊ. एखादी आठवण सांगा ना."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आठवण एकच आहे. छापशील का बघ."

बारा वर्षांपूर्वी मयतांच्या यादीत गोराईची एक पुतळाबाई आली. त्याच नावाच्या दोघी होत्या. भाऊंनी जिवंत होती तिचं नाव अनुदानाच्या यादीतून कापलं.

"ती फेरीबोटीने आली. म्हणाली, 'मी जिती हाय, बघ ना.' मला दिसत होती गं. पण रजिस्टरला मयत. मयताचा अर्ज आवक कसा करायचा? शिक्का मारला की नंबर पडतो, नंबर पडला की उत्तर द्यावं लागतं. मी म्हटलं, आधी वरून दुरुस्ती आणा."

ती तीनदा आली. तिसऱ्यांदा कार्यालय बंद होईपर्यंत बाकड्याच्या टोकाला बसून राहिली. मग आलीच नाही. शेवटी भाऊंनीच वर लिहून दुरुस्ती करून घेतली. त्याला चार महिने लागले. पत्र घेऊन ते गोराईला गेले, तर तिला जाऊन आठ दिवस झाले होते. सून कल्पिता दारात होती. तिने पत्र वाचलं. "आता तुमची यादी बरोबर झाली," एवढंच म्हणाली आणि मासळी वाळत घालायला वळली.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," भाऊ म्हणाले. "अजून खिडकीशी कुणी हळू बोललं ना, की मला मान वर करायला वेळ लागतो."

मी तसंच्या तसं लिहिलं. आमच्या अधिकारी गंधाली मॅडमनी सगळं खोडलं. "निरोपाच्या अंकात हे? उद्या कुणी तक्रार केली म्हणजे? आणि तुझं कंत्राट पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचंय ना?"

छापून आलं ते असं: 'चौतीस वर्षांची निष्कलंक सेवा.' समारंभात भाऊंनी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

सोमवारी भाऊंच्या जागी आवक खिडकीवर मला बसवलं. अकराच्या सुमारास जाळीखालून एक कागद आत सरकला. विषय: निवृत्तीच्या बातमीत दुरुस्ती करणेबाबत. खाली पुतळाबाईचं पूर्ण नाव, ती आली त्या तीन तारखा, आणि भाऊंची सही. वर बघितलं. रांगेत दोन म्हाताऱ्यांच्या मधे ते उभे होते.

"भाऊ, आत या ना."

"आता मी बाहेरचा."

मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "रश्मी, तो कागद इकडे दे. शिक्का नको मारू."

मागच्या म्हातारीने मान पुढे काढली. "काय गं, कागद कमी हाईत काय त्यांचे?"

"नाही आजी. सगळे आहेत."

मी शिक्का शाईत दाबून कागदावर मारला. रजिस्टरमध्ये ओळ लिहिली, नंबर टाकला, पोच जाळीखालून बाहेर सरकवली. मॅडम वळून आत गेल्या. भाऊंनी नंबर दोनदा वाचला.

"उत्तर कधी?"

"पंधरा दिवसांत."

"येतो." ते वळले, पुन्हा जाळीशी वाकले. "आणि मी नाही आलो, तरी लिही."