चौफुलीवरची तीन घरं

लग्न होऊन मी त्या चौफुलीवर आले, तेव्हा तिथे तीनच घरं होती. आमचं, लोहाराचं आणि किराणा दुकान चालवणाऱ्या जैन शेटजींचं. शिरपूरला दर्शनाला निघालेल्या बैलगाड्या चाकांच्या कामासाठी लोहाराकडे थांबत. गाडीतल्या बाया आमच्या अंगणात पाणी प्यायला येत, घटकाभर बोलत बसत.

पुढे जऊळक्याला रेल्वे आली आणि बैलगाड्या तिकडच्या नव्या रस्त्याने जाऊ लागल्या. शेटजींनी दुकान स्टेशनाजवळ हलवलं. मागोमाग लोहारही तिकडेच निघाला. त्याची बायको माझी एकुलती मैत्रीण. भाता, ऐरण गाडीत चढवल्यावर ती म्हणाली, "तू बी चाल ना माह्यासंगं."

"वावर सोडून कशी येऊ वं?"

"मंग बोलशीन कोनासंगं?"

मी तिचं बोचकं उचलून गाडीत ठेवलं.

मालक दिवसभर वावरात असत. घणाचा आवाज थांबल्यामुळे दुपार सरता सरत नसे. चुकून एखादी गाडी दिसली की मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची, पण गाडी थांबायची नाही.

संक्रांतीला तुरीच्या शेंगा घेऊन मी मैत्रिणीकडे गेले. दारात शेजारणींचा घोळका होता. "कशी हायस वं?" तिने हसून विचारलं. मी सांगणार, तोच कोणीतरी तिला हाक मारली आणि ती उठून गेली. मी बराच वेळ बसले. मग शेंगा तिच्या चुलीपाशी ठेवून निघाले.

घरी आल्यावर मालकांनी विचारलं, "भेटली काय?"

"भेटली," म्हटलं आणि चूल पेटवायला घेतली.