जोडी जातेय

“मॅडम, जोडी जातेय,” टिपणीस सर म्हणाले. हे ते तिसऱ्या गुरुवारी तिसऱ्यांदा म्हणत होते.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे कान तपासते, ऐकायचं मशीन बसवते आणि ते ट्यून करते. पेणला आमचं क्लिनिक आहे. दर गुरुवारी मी रोह्याला एका डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसते. त्या खोलीत पंखा आहे आणि तो कपाट उघडल्यासारखा आवाज करतो.

टिपणीस सर रोह्याजवळच्या वरशाचे. गणित शिकवून रिटायर झालेले. दोन्ही कानांना वयोमानाने येणारा बहिरेपणा, मध्यम स्वरूपाचा. मी दोन्ही कानांना मशीन लावलं आणि पंधरा दिवसांची ट्रायल दिली. ट्रायल म्हणजे मशीन घरी न्यायचं, वापरायचं, नाही पटलं तर परत द्यायचं. सरांना बोलणं छान ऐकू येऊ लागलं. माझ्या मते केस संपली होती.

पहिल्या गुरुवारी सर आले ते कपाळाला आठ्या घालून. “जोडी थोडा वेळ असते आणि मग जाते. शिवाय सा डळमळतो.”

मला दोन्ही तक्रारी लगेच समजल्या. मला नेहमीच लगेच समजतं. दोन मशीनची जोडी ब्लूटूथवर चालते, कधी कधी सुटते. आणि ‘स’ हा फार बारीक आवाज, म्हाताऱ्या कानांना तो अवघडच जातो. त्याची आमच्याकडे टेस्टच असते. मी तोंडापुढे कागद धरून “स” म्हटलं. सर “स” म्हणाले. मी “श” म्हटलं. सर “श” म्हणाले आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी पाढा चुकले होते. तरी मी बारीक आवाज वाढवून दिले.

दुसऱ्या गुरुवारी जोडी जातच होती आणि सा जास्त डळमळत होता. सरांकडे मोबाइल नाही. म्हणून मी मशीन त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, मोबाइलला नव्याने जोडलं. परिणाम असा झाला, की काकूंच्या बहिणीचे फोन सरांच्या कानात वाजू लागले. बहीण रोज फोन करते आणि श्वास न घेता बोलते. सरांना आतापर्यंत माहीत नसलेल्या बऱ्याच गोष्टी माहीत झाल्या. त्यावरून घरात काही बोलणं झालं असावं, कारण तिसऱ्या गुरुवारी काकू बरोबर आल्या त्या मोबाइल पर्समध्ये घट्ट धरून.

“ट्रायल वाढवून दिलीत, उपकार झाले,” सर म्हणाले. “पण आता या रविवारपर्यंतच. नाही जमलं तर मशीन तुमच्याकडे आणि टेपा वाचनालयाकडे.”

“कसल्या टेपा?”

ते काकूंनी सांगितलं. सरांकडे शास्त्रीय गाण्याचं भरपूर रेकॉर्डिंग आहे, बहुतेक कॅसेटवर. कित्येक वर्षं दर रविवारी सकाळी त्यांच्या ओटीवर पाच-सात जण जमत. एक रिटायर पोस्टमास्तर, एक बाई दातांच्या डॉक्टर, दोघं कंपनीवाले, शिफ्ट नसेल तर. सर एक टेप लावत. पण गाणारं कोण ते सांगत नसत. कॅसेटचं कव्हर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. “नाव सांगितलं की लोक नाव ऐकतात,” हा सरांचा नियम. आधी ऐकायचं, मग सर सांगणार कुठे लक्ष द्यायचं ते. नाव सगळ्यांत शेवटी, तेही विचारलं तर. म्हणून या गोष्टीतही गाणाऱ्या कुणाचं नाव नाही.

दीड वर्षापूर्वी सरांनी ती बैठक बंद केली. “मला जे ऐकू येत नाही ते लोकांना ऐका म्हणून कसं सांगू?” म्हणाले. टेपा दोन खोक्यांत भरून, सुतळीने बांधून ठेवल्या. तेव्हापासून रविवारी सकाळी अंघोळ करतात आणि ओटीवर नुसते बसतात.

“मला ते बघवत नाही,” काकू म्हणाल्या.

मला वाईट वाटलं. तरी मी त्या दिवशी ब्लूटूथच बघितला.

दुसऱ्या दिवशी मी पेणला होते, तेव्हा पनवेलहून आमच्या साहेबांचा फोन आला.

“ती वरशाची केस क्लोज का होत नाही?”

“सर, जोडी जातेय.”

“मग पीस बदल.”

“बदलला.”

“मग पेशंटची अपेक्षा जास्त आहे असं लिही आणि मशीन परत घे.”

फॉर्मवर तसा रकाना खरंच आहे. मी तो भरतच होते. समोर सुरेखा बसली होती. ती आमच्या पेणच्या क्लिनिकचं रिसेप्शन बघते, कासूहून येते आणि विचारल्याशिवाय मत देते.

“मॅडम, सर गाना कशावं ऐकतात?”

“टेपवर.”

“आन टेपला कुठला आलाय ब्लूटूथ?”

मी पेन खाली ठेवलं.

“मंग जोडी जातेय ती कसली, त्यांना इचारलाव का नाय?”

नव्हतं विचारलं. फोन केला. काकूंनी सरांना दिला.

“सर, जोडी म्हणजे नक्की कसली?”

पलीकडे सरांनी घसा खाकरला. वर्गात मागच्या बाकावरच्याने असा प्रश्न विचारल्यावर खाकरतात तसा.

“तंबोऱ्याची,” सर म्हणाले. “मधल्या दोन तारा. दोन्ही सा मध्ये लावतात. तिला जोडी म्हणतात. तुम्ही कसली समजलात?”

मी विषय बदलला.

आता हे मशीन कसं विचार करतं ते सांगते. जो आवाज सतत एकसारखा येतो, त्याला ते गोंगाट समजतं. पंखा, मिक्सर, हायवेवरची वाहतूक. काही सेकंद बघतं आणि मग तो हळूहळू कापतं. तंबोरा तर सतत एकसारखाच वाजतो. मशीनने त्याला पंखा ठरवलं होतं. दुसरं असं, की मशीन कधी कधी स्वतःच शिट्टी मारतं. ती दाबण्यासाठी ते लांब, सरळ सुरावर नजर ठेवतं. टेपवर गाणाऱ्या बाईंनी सा लांबवला, की मशीनला वाटायचं ही आपलीच शिट्टी, आणि ते सा हलवायचं. म्हणजे बाई बरोबर होत्या, सर बरोबर होते. मी तीन गुरुवार “स, श” आणि ब्लूटूथ करत बसले होते.

रविवारी सकाळीच लॅपटॉप घेऊन वरशाला गेले. सुरेखाही आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. मी मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम केला. गोंगाट कापणं बंद. शिट्टी पकडणं बंद. ते बंद केलं तशी मशीनने खरीच शिट्टी मारली, मग कानातली रबरी टोपी मोठी, घट्ट बसणारी घातली. बटण दाबलं की गाणं, परत दाबलं की बोलणं.

हे सगळं मी काकूंनाही समजावलं.

“म्हणजे जो आवाज कायम चालू असतो तो हे मशीन ऐकतच नाही?” काकू म्हणाल्या. “मग यात नवीन काय? आमच्याकडे हे लग्नापासून आहे.”

सरांनी खोक्यातून एक टेप काढली. कव्हरला पिवळा पडलेला पेपर. यमन, एवढंच म्हणाले. बटण दाबलं. तंबोरा सुरू झाला. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. सर हलले नाहीत.

“आहे,” ते म्हणाले. “जोडी आहे.”

मी लॅपटॉप मिटायला गेले तर त्यांनी हात वर केला.

“थांबा. अजून खात्री नाही. आता बाई गंधारावरून सावर येतील. तेव्हा जोडीतली दुसरी तार उतरेल. किंचित.”

आम्ही थांबलो. मला काही कळलं नाही. सरांनी बोट उचललं.

“उतरली. ऐकलंत? बाई थांबल्या नाहीत. तार खाली गेली, पण त्यांनी आपला सा जागचा हलू दिला नाही. आता मागे तंबोरा घेऊन बसलेल्याने तार लावायचा मणी सरकवला... आली वर. ह्यासाठी ही टेप ऐकायची. इतर यमन पुष्कळ आहेत.”

आणि सर रडले. गणिताचा मास्तर रडताना बघायची सवय नसते. मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिले, तिथे काहीच नव्हतं. सुरेखा उघडपणे रडली आणि म्हणाली, “मना ऐकाया आली हो सर, ती तार!” सरांनी तिला पुढच्या रविवारी यायला सांगितलं. मला सांगितलं नाही.

काकूंनी दोन्ही खोक्यांची सुतळी सोडली आणि गुंडाळून फडताळात ठेवली, कामाला येते म्हणून.

सोमवारी साहेबांना फोन केला. केस क्लोज, मशीन परत येणार नाही.

“काय फॉल्ट होता?”

“तार उतरत होती, ती ऐकू येत नव्हती. आता उतरलेली नीट ऐकू येते.”

साहेबांनी काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “गुड.”

तेव्हापासून पेशंट काही म्हणाला, की मी मशीन हातात घेण्याआधी विचारते. मागच्याच गुरुवारी रोह्याला एक आजी तपासून बाहेर गेल्या आणि दोन मिनिटांत परत आल्या.

“मॅडम, जोडी गेली गो.”

“कसली जोडी, आजी?”

“चपलांची. तुमच्या दारातून.”