खंडेनवमीचा पाना

आमच्या संभाजीरावांना लोक फार हुशार म्हणतात. म्हणोत बापडे! संसार मी केलाय, मला विचारा. हवाई दलात विमानांची दुरुस्ती करता करता माणसाचे केस पिकले, रिटायर होऊन घरी आले, आणि मोरीतल्या नळाचं वायसर बदलायला यांना महिना लागला. पण विमानाचं नाव काढलं की भरल्या ताटावरून उठतील.

हरिशंकरपुरमच्या आमच्या घरातलं गॅरेज म्हणजे यांचं दुसरं देवघर. एका भिंतीवर सगळी हत्यारं टांगलेली आणि प्रत्येक हत्यारामागे त्याचीच आकृती लाल रंगानं काढलेली. पक्कड उचलली की तिची लाल आकृती उघडी पडते. काम आटोपलं आणि भिंतीवर कुठे लाल दिसलं, की काहीतरी चुकलं म्हणून समजायचं. नोकरीतली शिस्त ही. "भिंत बघितल्याशिवाय विमान सोडायचं नाही," हे मी इतक्यांदा ऐकलंय की कान किटले.

गेल्या वर्षी भालचंद्र आपट्यांच्या डोक्यात किडा शिरला. आपटे म्हणजे फ्लाइंग स्कूलचे मालक, आमची लेक उन्नती त्यांच्याकडेच विमान शिकवते. त्यांच्या शेडमध्ये हवाई दलाचं एक जुनं ट्रेनर विमान पडून होतं, कॅडेट ज्यावर पहिल्यांदा शिकतात तसलं. त्याची चाकं काढायची, खाली दोन होड्या बसवायच्या आणि ते पाण्यावर उतरवायचं. पुरात गावं तुटतात तेव्हा औषधं पोचवता येतील म्हणे. आमचे हे तर तयारच बसले होते.

होड्यांना हे फ्लोट म्हणतात. बसची बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यातून ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या करून आणल्या. आत कप्पे, आणि प्रत्येक कप्प्याला खालून एक बूच. विमान पाण्याबाहेर ओढलं की बुचं उघडायची, झिरपलेलं पाणी काढून टाकायचं आणि परत घट्ट आवळायची. बुचं जुन्या कुठल्याशा यंत्राची, आडमापाची. बाजारातला पाना बसेना, तेव्हा यांनी स्वतः घासून एक पाना बनवला. जगात एकच.

आणि ते विमान पाण्यावर चालवणार कोण? आमची एकुलती एक पोर.

"उडायचं थोडंच आहे? पाण्यावर पळवून बघायचं, परवानगीच तेवढी आहे," हे म्हणाले.

"आणि बुडालं तर? तिघऱ्याच्या धरणात मगरी आहेत, माहीत आहे ना?"

"कप्पे कशाला केलेत मग? एखादा भरला तरी तरंगतं ते."

"आणि एकदम चार भरले तर?"

यावर हे चष्मा पुसत बसले. उन्नती मात्र खो खो हसली. "आई, तू ना फालतू टेन्शन घेतेस. बाबांनी केलंय ना? बस, तो हो गया!"

तेव्हापासून माझी झोप उडाली. रात्री कूस बदलली तरी पाणीच दिसायचं.

मुहूर्त ठरला दसऱ्याच्या सकाळचा. सीमोल्लंघन! आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पूर्वजांच्या तलवारीशेजारी यांचे पाने आणि हातोड्या मांडायच्या, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची. मग दसऱ्याला संध्याकाळी सोनं लुटून येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

नवमीला दुपारी हे तिघऱ्याहून घाईघाईनं आले. बुचं उघडून होड्या सुकवल्या होत्या, पूजेला उशीर होईल म्हणून परत नुसती हातानं बसवून आले होते.

"मग तेवढा एक पाना तरी बाहेर राहू द्या," मी म्हटलं.

"आपल्या भोईट्यांच्या घरात पूजा अर्धवट होत नाही, शालिनी. सकाळी निघताना देवाची क्षमा मागून उचलतो आणि तिथे आवळतो. दोन मिनिटांचं काम आहे."

दसऱ्याला पहाटेच दोघं निघून गेली. मी मागून जाणार नव्हतेच. मला नसतं बघवलं. तोरण बांधलं, श्रीखंड फेटलं आणि पूजेची शिळी फुलं काढायला गॅरेजमध्ये गेले. फुलं बाजूला केली तर खाली तो पाना. त्यावरचं कुंकू जसंच्या तसं.

अहो, या माणसानं जन्मात कधी भिंत बघितल्याशिवाय विमान सोडलं नाही. मग आज? मी वर बघितलं. सगळी हत्यारं पूजेत, सगळी भिंत लालच लाल! त्यात एका पान्याची आकृती कुणाच्या डोळ्याला खुपणार होती?

फोन लावला. यांचा बंद. विमानाजवळ फोन बंद ठेवायचा, ही आणखी एक शिस्त. उन्नतीचा नुसता वाजत राहिला. मग मी विचारच केला नाही. पाना उचलला, देवाला म्हटलं, रागवायचं तर मागाहून रागव, आणि स्कूटी काढली. वाटेत दुर्गेचं विसर्जन, ट्रॅक्टर, ढोल, गर्दी. "हटो, भैया, हटो!" म्हणून ओरडून माझा घसा बसला. बुचं घट्ट असतील, यांनी हातानंच जोर लावला असेल, असं मी मनाला सांगत होते. मन कसलं ऐकतंय!

धरणावर पोचले तेव्हा विमान काठापासून लांब गेलं होतं. आपटे मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. हे कमरेवर हात ठेवून हसत उभे होते. मी धावत जाऊन पाना त्यांच्यासमोर धरला.

यांनी पान्यावरचं कुंकू बघितलं. चेहरा पांढराफटक पडला. वळून विमानाकडे बघितलं, तर डावी होडी मागून खाली बसलेली आणि डावा पंख पाण्याकडे कललेला.

तसेच बूट घालून हे गुडघाभर पाण्यात शिरले आणि दोन्ही हात वर करून स्वतःकडे ओढू लागले. ये, माझ्याकडे ये. हवाई तळावर विमान जागेवर आणताना करायची ही खूण. लहानपणी अंगणात उन्नतीची सायकल हे असेच हात करून आणायचे. तिनं बघितलं. इंजिनाचा आवाज वाढला. विमान वळलं, तसा पंखाचा शेंडा पाण्याला टेकला. मी डोळे मिटून घेतले. अंबाबाई, पोर दे माझी, बाकी सगळं घे!

पत्रा सिमेंटवर घासल्याचा कर्कश आवाज आला तेव्हा डोळे उघडले. विमान काठाच्या सिमेंटच्या उतारावर चढलं होतं. डाव्या होडीतून धो धो पाणी पडत होतं. दोन बुचं पार गायब, उरलेली बोटानं फिरत होती. उन्नती खाली उतरली आणि मला चिकटली. "फालतू टेन्शन" म्हणणारी ती, माझा पदर सोडेना. हे पाना घेऊन होडीखाली बसले, पण पाना बुचावरून सारखा निसटत होता. शेवटी तिनंच तो त्यांच्या हातातून घेतला आणि उरलेली बुचं आवळली.

घरी आलो. मला हजार गोष्टी सुनवायच्या होत्या, त्या सगळ्या मी पुऱ्यांच्या कणकेवर काढल्या. संध्याकाळी हे आमच्याकडचं सोनं, शमीची पानं, घेऊन आले, देवापुढे ठेवली. रीतीप्रमाणे उन्नती सोनं घेऊन पाया पडायला वाकली, तसे हे दोन पावलं मागे सरले.

"आज मला नमस्कार करू नकोस, बेटा."

"बाबा, हात दाखवून परत कोणी आणलं मला?" ती म्हणाली आणि वाकलीच.

यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो काही केल्या उचलेनात, आणि डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मी पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हटलं, "चला आता पानावर. श्रीखंड पातळ होतंय."