शिरसाट पाळकांच्या एकवीस भाषा

निशिकांत शिरसाट मूळचे अहमदनगरचे, चर्चमधून निवृत्त झालेले पाळक. परदेशात, तोआ पायोहला मुलीकडे राहायचे. रोज सकाळी हॉस्पिटलात जाऊन, ज्याला भेटायला कोणी येत नाही अशा पेशंटजवळ बसायचे. धर्म विचारायचे नाहीत. कुठे दुखतंय, पाणी हवंय का, कोणाला बोलावू, एवढं मात्र त्यांनी बऱ्याच भाषांत पाठ केलं होतं.

मराठी मंडळाच्या दिवाळीला त्यांना शाल मिळायची. ओळख करून द्यायचा रॅफल्स प्लेसच्या बँकेतला प्रबोध. पहिल्या वर्षी तो सात भाषा म्हणाला, पुढच्या वर्षी बारा. दोन हजार सहाच्या स्मरणिकेत एकवीस छापून आल्या. शिरसाट भिडस्त. कौतुक करणाऱ्याला अडवायचं कसं?

"एकवीस भाषांत हो म्हणता येतं काकांना," प्रबोधची बायको स्मिता हसून म्हणायची, "नाही म्हणायला एकीतही जमत नाही!"

स्मरणिका हॉस्पिटलातही पोचली. जानेवारीत डॉक्टरांनी त्यांना बोलावलं. जहाजावरच्या एका बर्मी खलाशाचा पाय चिरडला होता, तो कापायचा होता. त्याची संमती हवी होती. शिरसाट त्याच्याजवळ आठवडाभर बसत होते.

"दुखतंय का?" त्यांनी बर्मीत विचारलं. खलाशानं मान हलवली.

"हो म्हणाला ना?" डॉक्टरांनी फॉर्म पुढे केला. "घ्या अंगठा."

शिरसाटांनी फॉर्म बाजूला सारला. खलाशी विश्वासानं त्यांच्याकडेच बघत होता.

"थांबा. मी पायाचं विचारलंच नाही. मला ते विचारता येत नाही."

"अंकल, इथे तर छापलंय!"

"चुकीचं छापलंय. मीही कधी सांगितलं नाही, ही माझी चूक."

दुभाषा मिळून यायला दुपार झाली. खलाशानं सगळं ऐकून घेतलं, बरंच काही विचारलं. शिरसाटांना त्यातलं अक्षरही कळलं नाही. मग त्यानं बायकोला फोन लावला, खूप वेळ बोलला आणि अंगठा दिला.

संध्याकाळी शिरसाटांनी प्रबोधला फोन करून दुरुस्ती छापायला सांगितली.

"बरं काका, किती लिहू?"

"मराठी, हिंदी, इंग्रजी. तमिळ थोडी."

"एवढ्याच? मग सत्कार कशाचा करायचा आम्ही?"

"तेच म्हणतोय मी," शिरसाट म्हणाले.